तूप कितीही घातलं तरी ते आत पोचणार नाही

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

धुळे जिल्ह्यातल्या एका गावातून एका तरुण आईचं पत्र आलं आहे. लग्न सख्ख्या आतेभावाशी झालेलं, म्हणजे सासूबाई या त्यांच्या आत्याच. लेक दीड वर्षाची आहे. जन्मानंतर काही आठवडे बरे गेले. मग उलट्या सुरू झाल्या, वजन वाढेना, अंग काळवंडत गेलं आणि एका रात्री बाळ निपचित पडलं. दवाखान्यात रक्तातलं सोडियम फार कमी आणि पोटॅशियम फार जास्त निघालं. पुढे जनुकीय तपासणीत निदान झालं: लिपॉइड कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया. गुणसूत्रं मुलीचीच आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, "हिच्या पेशींत कोलेस्टेरॉल आत पोचत नाही, म्हणून हॉर्मोन तयार होत नाहीत." तेव्हापासून दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिसोन, एकदा फ्लुड्रोकॉर्टिसोन (शरीरात मीठ धरून ठेवणारं औषध) आणि मोजून मीठ चालू आहे.

ताईंना आठव्या महिन्यात एका शिबिरात कोलेस्टेरॉल जास्त निघालं, म्हणून त्यांनी तूप आणि डिंकाचे लाडू बंद केले होते. त्यामुळेच पोरीला कोलेस्टेरॉल मिळालं नाही, असं आत्यांचं ठाम मत आहे. "आमना घरमा असं कोणलेच व्हयनं नही," हे रोजचं वाक्य. आता पोरीला तूप, लोणी, बदाम चारायचे आणि 'स्टेरॉइड' हळूहळू सोडवायचं, असा आग्रह आहे. शेजारच्या एका बाईंचा चेहरा स्टेरॉइडनं सुजलेला सगळ्यांनी पाहिला आहे. नवरा गप्प बसतो. ताई गोळ्यांचा डबा कोठीमागे लपवून चोरून डोस देतात. मुलगी मिठाच्या बरणीत बोट घालून चाटते आणि त्यावरूनही घरात ओरडा होतो. ताई विचारतात: गोळ्या कमी करता येतील का? चूक माझी आहे का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन तिकडेच राहावं का? आणि दुसऱ्या बाळाचं काय?

उत्तर:

ताई, आधी गोळ्यांचं, कारण त्यात थांबायला वेळ नाही. त्या कमी करायच्या नाहीत, सोडवायच्या तर अजिबात नाहीत. एखाद्या डोसनं काय होतंय, असंही म्हणायचं नाही. तुमच्या लेकीचं शरीर हे हॉर्मोन स्वतः बनवू शकत नाही आणि ते नसेल तर साधा ताप, दोन उलट्या किंवा मे महिन्यातली एक दुपार तिचा जीव धोक्यात आणू शकते. तिची प्रकृती आज चांगली दिसते ती या गोळ्यांमुळेच. "आता बरी आहे ना, मग कशाला?" असं कुणी म्हणालं तर हेच सांगा.

आता तुमच्या मनातलं ओझं. तूप बंद केलंत म्हणून हे झालेलं नाही. गरोदरपणात प्रत्येकीचंच कोलेस्टेरॉल वाढतं, ते शरीराचं नेहमीचं काम आहे. तूप सोडायची गरज नव्हती आणि सोडल्यानं बाळाचं काही बिघडलंही नाही. गर्भ त्याला लागणारं बरंचसं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. बदामाचं म्हणाल तर बदामात कोलेस्टेरॉल नसतंच. ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं.

डॉक्टरांचं एक वाक्य तुमच्या घरात वेगळ्याच अर्थानं ऐकलं गेलं, असं मला पत्र वाचताना वाटलं. "कोलेस्टेरॉल आत पोचत नाही" याचा अर्थ घरच्यांनी "पोरीला कोलेस्टेरॉल कमी पडतंय" असा लावला. कमी पडतंय म्हटल्यावर आजी तूपच पुढे करणार, त्यात त्यांचं काय चुकलं? पण तिच्या त्या पेशींत कोलेस्टेरॉल जरुरीपेक्षा जास्त साठलेलं आहे. अडचण शेवटच्या एका टप्प्यावर आहे. तो टप्पा नीट समजला तर घरातलं निम्मं भांडण मिटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. तिथे कॉर्टिसॉल बनतं. आजारपणात, उपाशीपोटी, मार लागल्यावर रक्तदाब आणि साखर सांभाळणारं हॉर्मोन ते. तिथेच आल्डोस्टेरॉनही बनतं, जे शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. ही दोन्ही, आणि स्त्री-पुरुषांची लैंगिक हॉर्मोनंही, कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. कोलेस्टेरॉल पेशीत येतं रक्तातून, थोडं पेशी स्वतः बनवते आणि उरलेलं थेंबांच्या रूपात साठवून ठेवते. पण त्याचं हॉर्मोन करायची पहिली पायरी पेशीत कुठेही होत नाही. ती होते मायटोकॉन्ड्रियात, शाळेत आपण ज्याला तंतुकणिका म्हणून शिकलो. मायटोकॉन्ड्रियाला दोन पापुद्रे असतात, बाहेरचा आणि आतला. कोलेस्टेरॉलची लांब शेपटी कापून त्याचं प्रेग्नेनोलोन करणारं एन्झाइम आतल्या पापुद्र्यावर बसलेलं असतं. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी, आणि कोलेस्टेरॉल तर पाण्यात विरघळत नाही. म्हणजे ते बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत येतं आणि तिथेच अडतं. तिथून त्याला आत न्यायला एक खास प्रथिन लागतं. त्याचं नाव 'स्टार'. तुमच्या लेकीच्या अहवालात ज्या जनुकाचं नाव असेल ते याच प्रथिनाचं.

हे प्रथिन काम करतं बाहेरच्या पापुद्र्यावर. ते स्वतः आत ओढलं गेलं की त्याचं काम संपतं. त्याचं आयुष्य काही मिनिटांचं, पण तेवढ्यात एकेक रेणू कोलेस्टेरॉलचे शेकडो रेणू आत पाठवतो. म्हणून पेशीला ते सतत नव्यानं बनवावं लागतं. निरोगी माणसाला ताप आला किंवा धक्का बसला की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून एसीटीएच हे हॉर्मोन सुटतं, ॲड्रिनलमध्ये झटपट नवं 'स्टार' तयार होतं आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं. तुमच्या मुलीत ही झटपट वाढ होत नाही. आजारपणात तिचा डोस वाढवावा लागतो तो यासाठी.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे. माल भरपूर आहे, आतली यंत्रं धडधाकट आहेत, पण फाटकच उघडत नाही. अशा वेळी घरून आणखी चार गाड्या पाठवून काय होणार? रांगच वाढेल. आत्यांचं तूप म्हणजे त्या जास्तीच्या गाड्या.

आणि ही रांग नुसती उभी राहत नाही, ती पेशीचं नुकसान करते. हॉर्मोन येत नाही म्हणून पिट्यूटरी आणखी जोरानं एसीटीएच सोडते, पेशी आणखी कोलेस्टेरॉल ओढून घेते, थेंब साठत जातात आणि शेवटी पेशीच निकामी होते. निदानाच्या नावातला 'लिपॉइड' हा शब्द या साठलेल्या चरबीचा आहे. 'स्टार' नसतानाही थोडंसं कोलेस्टेरॉल आपोआप आत झिरपतं आणि त्यावर थोडं हॉर्मोन बनतं. तुमची मुलगी पहिले काही आठवडे बरी होती आणि मग एकदम ढासळली, त्यामागे हेच होतं: आधी झिरपणाऱ्यावर भागलं, मग पेशीच भरून निकामी झाल्या. तेव्हा तुमच्या दुधात काही कमी नव्हतं आणि तुम्ही उशीरही केला नाहीत. अंग काळवंडलं तेही उन्हानं नाही. ज्या मूळ प्रथिनातून एसीटीएच बनतं त्याचेच भाग त्वचेला रंग चढवतात.

गर्भ नऊ महिने टिकला कसा, असाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन वार बनवते आणि वारेला त्यासाठी 'स्टार' लागत नाही.

ही गुंतागुंत वैद्यकशास्त्रालाही लवकर उलगडली नाही. स्वित्झर्लंडमधल्या प्राडर आणि गुर्टनर या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं १९५५ साली. नंतर कित्येक वर्षं संशय होता तो शेपटी कापणाऱ्या एन्झाइमवर, पण रुग्णांमध्ये त्याचं जनुक शाबूत निघत गेलं. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या बार्बरा क्लार्क आणि डग्लस स्टोको यांनी उंदराच्या पेशींत 'स्टार' ओळखलं आणि पुढच्याच वर्षी या आजाराच्या रुग्णांमध्ये नेमकं तेच जनुक बिघडलेलं सापडलं. जे कोडं सोडवायला चाळीस वर्षं गेली, ते आत्यांना एका वाक्यात कसं उमजावं? त्यांच्यावर रागावण्याआधी एवढा विचार करा.

आता 'स्टेरॉइड' या शब्दाची भीती. शेजारच्या बाईंचं आणि तुमच्या लेकीचं औषध एका घराण्यातलं आहे, पण हेतू आणि मात्रा पूर्ण वेगळी. दमा किंवा संधिवात दाबायला डॉक्टर शरीराच्या गरजेच्या कितीतरी पट स्टेरॉइड देतात. मोठ्या माणसाचं शरीर रोज साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल स्वतः बनवतं, आणि हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे तेच कॉर्टिसॉल. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी सुमारे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीची. कुणाला रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू असेल तर हिशेब १६० पर्यंत जातो. तिथे चेहरा सुजणारच. तुमच्या मुलीला दिलं जातं ते फक्त तिच्या शरीरानं जेवढं बनवायला हवं होतं तेवढं. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर मात्र उंची खुंटू शकते, आणि ही काळजी आत्यांना वाटत असेल तर ती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे दर तीन महिन्यांनी वजन, उंची, रक्तदाब आणि रक्त तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवून घेणं. मूल वाढतं तसा डोस बदलतो. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या आणू नका. मेडिकलवाल्यानं "हायड्रोकॉर्टिसोन नाही, दुसरं स्टेरॉइड चालेल" म्हटलं तर ऐकू नका. तालुक्याच्या ठिकाणी ही गोळी कधी मिळते, कधी नाही, म्हणून महिन्याभराचा साठा जादा ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या कोठीमागच्या डब्याची. तुम्ही असं धरून चाललात की लपवलं म्हणजे लेक सुरक्षित राहील. पण समजा, तुम्ही शेतावर गेलात किंवा तुम्हालाच ताप आला आणि त्या दुपारी मुलीला उलट्या सुरू झाल्या. घरात कोण आहे? आत्या. डबा कुठे आहे हे त्यांना माहीत नाही, किती द्यायचं हे माहीत नाही, दवाखान्यात काय सांगायचं हेही माहीत नाही. त्या पोरीला मांडीवर घेऊन साखरपाणी पाजत बसतील. या आजारात मूल दगावतं ते अशा हरवलेल्या तासांत. गोळ्या उघड्यावर आणाव्याच लागतील, भांडण झालं तरी चालेल.

त्यासाठी आत्यांना शत्रू समजणं आधी सोडा. त्यांनीच तुम्हाला मागणी घातली, सून करून आणलं. हा आजार व्हायला बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ज्याच्याकडे एकच प्रत असते तो ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. तुमच्या बाबतीत ही प्रत बहुधा एकाच मुळातून आली असावी: तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडून, तुमच्या वडिलांच्या वाटेनं तुमच्यात आणि आत्यांच्या वाटेनं तुमच्या नवऱ्यात. "आमना घरमा" म्हणजे कुठलं घर? तुम्हा दोघींचं घर एकच आहे. मला वाटतं, आत खोलवर आत्यांना भीती आहे की हे लग्न आपणच जुळवलं. तुपाला दोष दिला की त्या विचाराकडे बघावं लागत नाही. हे जनुकाचं सांगताना "बघा, तुमच्याकडूनच आलं" असा सूर येऊ देऊ नका. कुणी निवडून दिलेली गोष्ट नाही ही. मामाची मुलगी करणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आणि बहुतेक घरांत त्यातून काही झालं नाही.

माहेरी जाऊन राहण्याचं विचारलंत. आखाजीला तुम्ही ज्या घरी जाणार ते आत्यांचंही माहेर. त्या येणार असतील तर याहून चांगली संधी नाही. तुमच्या वडिलांना आधी सगळं समजावून ठेवा. बहिणीला भावानं शांतपणे सांगितलेलं सुनेच्या सांगण्यापेक्षा जास्त उतरतं. कायमचं माहेरी राहणं मी शेवटचा मार्ग समजते. उद्या कुणी गोळ्या प्रत्यक्ष फेकून दिल्या किंवा डोस देताना अडवलं, तर मात्र आखाजीचीही वाट पाहू नका, मुलीला घेऊन लगेच निघा.

पुढच्या तपासणीला नवरा आणि आत्या दोघांना सोबत न्या. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की घरच्यांशी पाच मिनिटं बोलायचं आहे. नवऱ्यानं गप्प राहणं आता पुरे. त्याला एक ठोस काम द्या. आणीबाणीत द्यायचं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन शिकणं हे त्याचं काम. आणि आत्यांना संध्याकाळचा डोस द्यायला सांगा. गोळीचा ठरलेला भाग चुरून चमचाभर पाण्यात किंवा दुधात कालवायचा आणि लगेच द्यायचा. पूर्ण वाटीभर दुधात टाकला आणि पोरीनं अर्धं सोडलं तर डोसही अर्धाच गेला. आदल्या दिवशी बाटलीत कालवून ठेवायचं नाही, चूर खाली बसतो. तिच्या अंगाचा रंग पुन्हा गडद होतोय का, तेही आत्यांना बघायला सांगा. डोस अपुरा पडतोय याची ती खूण असते, आणि रोज न्हाऊ घालणारीच्या नजरेला ती आधी दिसते.

पुढचं तुमच्यासारख्या सगळ्या पालकांसाठी आहे. ॲड्रिनलच्या जन्मजात आजाराचे दुसरे प्रकार याहून जास्त आढळतात, पण घरात पाळायचे नियम जवळपास हेच. ताप आला की डोस सहसा दुप्पट किंवा तिप्पट करतात. तुमच्या मुलासाठी नेमका आकडा डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी लावा. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो पुन्हा द्या. पुन्हा उलटली, मूल सुस्त पडलं किंवा उठवूनही नीट उठेना, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीत द्यायचं आणि निघायचं. लहान मुलांना साधारण २५ मिलिग्रॅम, शाळेच्या वयात ५०, मोठ्यांना १०० असं प्रमाण असतं. पण तुमच्या मुलासाठीचं प्रमाण आणि देण्याची पद्धत डॉक्टरांसमोर शिकूनच कुपी घरी ठेवा. १०८ ला फोन करा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जवळच्या दवाखान्यात निदानाचा कागद आधी दाखवा: "हिच्या ॲड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत, आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन द्या." या कागदाची प्रत पिशवीत, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, अंगणवाडीत, सगळीकडे असू द्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण आपला उन्हाळा साधा नाही. पारा ४५ ला टेकतो तेव्हा घामावाटे मीठ जातं आणि हिच्या शरीराला ते धरून ठेवता येत नाही. मिठाच्या बरणीत बोट घालते म्हणून ओरडू नका. शरीर मागतंय. किती वेळा चाटते ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा, फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मीठ वाढवायची ती सूचना असू शकते. उलट्या-जुलाबात नारळपाणी आणि केळी देण्याची आपल्याकडे सवय आहे, विशेषतः केळीच्या मुलखात. इतर मुलांना ठीक, पण या दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं आणि हिचं पोटॅशियम अशा वेळी आधीच चढलेलं असतं. तिला ओआरएस द्या आणि दवाखाना गाठा. एरवी बरी असताना ती काय खाते यात डॉक्टरांनी काही मनाई केली नसेल तर तूप-भाकरी खुशाल खाऊ द्या. आजीनं प्रेमानं घातलेलं तूप अंगी लागेल, फक्त ते गोळीच्या जागी येऊ शकत नाही.

वयात येण्याचा प्रश्न अजून लांब आहे, तरी एक गोष्ट आत्ताच माहीत असू द्या. मुलींच्या अंडाशयाला लहानपणी हॉर्मोन बनवायचं नसतं, म्हणून ते ॲड्रिनलइतक्या लवकर खराब होत नाहीत. अशा मुलींना पाळी आपोआप येऊ शकते, पण पुढे हॉर्मोन कमी पडतात आणि उपचार लागतात. योग्य उपचारांनी या आजाराच्या काही स्त्रियांना मूल झाल्याच्या नोंदी आहेत. कुणी आत्तापासून तिच्या लग्नाचं बोलायला लागलं तर हे सांगून विषय तिथेच संपवा.

दुसऱ्या बाळाचं. तुम्ही दोघंही वाहक आहात असं धरलं तर प्रत्येक गरोदरपणात हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एका मुलीला झाला म्हणजे पुढचं त्यातून सुटलं, असा हिशेब नसतो. पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी, साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान, वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग सांगणं कायद्यानं गुन्हा आहे, पण १९९४ च्या त्याच कायद्याखाली नोंदणीकृत केंद्रात जनुकीय आजाराची तपासणी करायला परवानगी आहे. निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णय तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा. मूल होऊ द्यायचं ठरवलं तर जन्माच्या दिवसापासून उपचार सुरू करता येतील आणि पहिल्या वेळची ती रात्र टळेल. या तपासणीसाठी मुलीच्या अहवालातला जनुकातला नेमका बदल आणि तुम्हा दोघांच्या रक्ताची तपासणी हाताशी लागते. तिचे निकाल यायला आठवडे जातात, तेव्हा दिवस राहण्याआधीच जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या आणि मुलीचा मूळ अहवाल सोबत न्या, झेरॉक्स नको.